मुक्कामाचं दार कोणत्या बाजूला?

कॅनडातल्या रॉकी पर्वतरांगेत १८८८ साली बँफ स्प्रिंग्स हॉटेल उघडलं, ते पाठमोरं. बांधणाऱ्यांनी नकाशा उलटा धरला आणि बो नदीच्या खोऱ्याचा सगळ्यात देखणा देखावा मुदपाकखान्याच्या वाट्याला आला. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचे विल्यम व्हॅन हॉर्न पाहणीला आले तेव्हा त्यांचा पारा चढला. शेवटी देखाव्याच्या बाजूला एक वेगळा मंडप बांधून वेळ निभावून नेली, अशी ही गोष्ट सांगितली जाते. रेल्वेच्या माणसाला हॉटेलच्या तोंडाची एवढी फिकीर का? कारण हॉटेल रेल्वेचंच होतं. डोंगरातून रूळ टाकायला अफाट पैसा गेला होता आणि वाटेत वस्ती तुरळक होती. गाड्या भरायच्या तर पर्यटक आणायला हवेत आणि पर्यटकाला रात्री अंग टाकायला जागा हवी. हॉटेल हे रेल्वेचं तिकीट विकण्याचं साधन होतं.

हॉटेल आणि मोटेल यांत फरक काय, असं विचारलं तर बहुतेक जण ‘हॉटेल भारी, मोटेल साधं’ असं सांगून मोकळे होतात. पण कळकट हॉटेलं असतात आणि झकास मोटेलंही असतात. खरा फरक दारात आहे. हॉटेलात रस्त्यावरून मोठ्या दारातून आत शिरायचं, मग लॉबी, मग लिफ्ट, मग लांबलचक कॉरिडॉर आणि त्यात कुठेतरी तुमच्या खोलीचं दार. मोटेलात खोलीचं दार थेट उघड्यावर उघडतं आणि समोर तुमचीच गाडी उभी असते. मधलं सगळं गाळून टाकलेलं. हे दार असं कसं झालं आणि त्यापायी गावांचं, शहरांचं काय झालं, हे समजून घ्यायचं तर प्रवासी कशावर बसून येत होता तिथून सुरुवात करावी लागते.

उंटाच्या चालीने

इराण, मध्य आशिया आणि तुर्कस्तानातल्या व्यापारी वाटांवर कारवाँसराया होत्या. दोन सरायांमधलं अंतर साधारण ३० ते ४० किलोमीटर, म्हणजे लादलेला उंट एका दिवसात चालेल तेवढं. बाहेरून पाहिलं तर चारी बाजूंना उंच, खिडक्या नसलेल्या भिंती आणि एकच फाटक, ओझ्यासकट उंट आत जाईल एवढं मोठं. आत मोकळं अंगण, पाण्याची सोय, भोवती ओळीने खोल्या आणि जनावरांचे तबेले. रात्री फाटक लागलं की माल आणि माणूस दोन्ही सुरक्षित. कोन्या आणि अक्सराय यांच्या वाटेवर सेल्जुक सुलतान अलाउद्दीन कैकुबाद याने १२२९ साली बांधलेली सुलतान हान आजही उभी आहे. इराणमधल्या ५४ सराया २०२३ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. सराया बांधण्यात राज्यकर्त्यांचा आणि धनिकांचा पुढाकार असे, आणि त्यात नुसतं पुण्य नव्हतं. वाट सुरक्षित असेल तर व्यापारी येतो आणि व्यापारी आला की जकात येते. वाहतुकीसाठी सरकारने पायाभूत सोय उभी करायची, ही कल्पना एवढी जुनी आहे.

युरोपात उंटाच्या जागी घोडागाडी होती. इंग्लंडमधल्या खानावळी-मुसाफिरखान्यांना कमानीखालून गाडी आत घेण्याएवढं अंगण असे. तिथे घोडे बदलायचे, उतारू वर सज्जातल्या खोल्यांत जायचे. लंडनच्या साउथवर्क भागातली १६७७ साली पुन्हा बांधलेली जॉर्ज इन ही अशा सज्जावाल्या इमारतींपैकी लंडनमधली शेवटची उरलेली. तीही पूर्ण नाही. एकोणिसाव्या शतकात ती एका रेल्वे कंपनीच्या हाती गेली आणि कंपनीने मालाच्या साठवणुकीसाठी तिच्या बाजू पाडल्या. अंगणाच्या दक्षिणेची बाजू तेवढी राहिली. नवं वाहन जुन्या वाहनाच्या मुक्कामाला कसं गिळतं, याचा इतका रोकडा पुरावा क्वचित मिळतो.

कुलूप, साबण आणि नळ

अशा मुसाफिरखान्यांत खोली आपल्या एकट्याची असेल याचा भरवसा नसे. गर्दी असेल तर अनोळखी माणसाशेजारी एकाच पलंगावर झोपावं लागे. बॉस्टनमध्ये १८२९ साली उघडलेल्या ट्रेमाँट हाउसने ही रीत मोडली. आयझाया रॉजर्स या वास्तुरचनाकाराने बांधलेल्या या हॉटेलात सुमारे १७० खोल्या होत्या. प्रत्येक खोलीला कुलूप होतं, आत साबण ठेवलेला असे, सामान उचलायला पोरं होती आणि आल्याबरोबर चौकशी करायला वेगळा कक्ष होता. तळमजल्यावर पाण्याचे आठ संडास होते. आज हे वाचताना हसू येतं, पण त्या काळात इमारतीच्या आत पाण्याचा संडास ही पाहायला जाण्याची गोष्ट होती. पुढची कित्येक वर्षं अमेरिकेतली मोठी हॉटेलं याच नमुन्यावर बांधली गेली.

या हॉटेलांना लोक राजवाडे म्हणत. पण राजवाड्यात जाता येत नाही आणि हॉटेलच्या लॉबीत कुणीही बऱ्या कपड्यातला माणूस जाऊन बसू शकतो. त्यामुळे लॉबी हे शहराचं नवं दिवाणखान्यासारखं दालन झालं. तिथे सौदे होत, राजकारण शिजे, वर्तमानपत्रवाले बातम्या टिपत. शहराला प्रतिष्ठा हवी असेल तर आधी हॉटेल हवं, असं एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी गावांना मनापासून वाटे. वस्ती धड बसायच्या आत हॉटेलाच्या भांडवलासाठी वर्गणी सुरू होई.

मग रेल्वे आली आणि दार स्टेशनकडे वळलं. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनाच्या तोंडाशी जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी रचलेलं मिडलंड ग्रँड हॉटेल १८७३ साली सुरू झालं. लाल विटांचे मनोरे, भव्य जिना, सुमारे ३०० खोल्या. आणि न्हाणीघरं बोटांवर मोजण्याइतकी! पाहुण्यांना नोकर खोलीत गरम पाणी आणून देत, तेव्हा त्यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं. पुढे लोकांना खोलीला जोडून बाथरूम हवी झाली, तेव्हा मात्र पंचाईत झाली. आगीला दाद देऊ नये म्हणून जाडजूड बांधलेल्या त्या जमिनी आणि भिंती फोडून पाइप घालणं फार महागात जाणारं होतं. १९३५ साली हॉटेल बंद पडलं. नंतर तिथे रेल्वेच्या कचेऱ्या भरल्या, मग पाडायची चर्चा झाली, आणि अखेर २०११ साली ते पुन्हा हॉटेल म्हणून उघडलं. मधली ७६ वर्षं एवढी देखणी इमारत हॉटेल म्हणून निकामी होती, आणि त्यात पाइपांचा वाटा मोठा होता.

हाच पाइपांचा प्रश्न अमेरिकेत एल्सवर्थ स्टॅटलर यांनी सोडवला. त्यांनी १९०८ साली बफेलो शहरात हॉटेल उघडलं आणि जाहिरात केली : दीड डॉलरमध्ये खोली आणि बाथरूम. सामान्य फिरत्या विक्रेत्याला परवडेल अशा खोलीत स्वतंत्र बाथरूम द्यायची कशी? स्टॅटलरांची युक्ती नकाशावर पाहिली की लगेच कळते. शेजारच्या दोन खोल्यांच्या बाथरूम पाठीला पाठ लावून ठेवायच्या आणि मधे तळापासून छतापर्यंत एक उभी पोकळी सोडायची. पाण्याचे, सांडपाण्याचे सगळे पाइप त्या पोकळीतून. एका पोकळीवर प्रत्येक मजल्याच्या दोन खोल्या भागतात आणि काही तुंबलं तर भिंत फोडावी लागत नाही. आज जगात कुठल्याही हॉटेलात आत शिरताच एका हाताला बाथरूम आणि पुढे पलंग दिसतो, आणि शेजारची खोली आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी असते, ती या पोकळीमुळे. कलाकुसरीच्या लॉबीचं कौतुक पुष्कळ होतं. माझ्या मते हॉटेलांच्या इतिहासातली सगळ्यात मोठी रचना ही पाइपांची पोकळी आहे.

लिफ्टने वेगळीच उलथापालथ केली. जिने चढावे लागत तोवर वरचे मजले स्वस्त होते आणि खालचे महाग. लिफ्ट आल्यावर गोंगाट आणि धुळीपासून दूर असलेला वरचा मजला मोलाचा झाला. इमारती उंच झाल्या, खोल्या वाढल्या आणि त्याबरोबर धोकाही वाढला. अटलांटातलं १५ मजली वाइनकॉफ हॉटेल ‘पूर्णतः अग्निरोधक’ अशी जाहिरात करत असे. ७ डिसेंबर १९४६ च्या पहाटे तिथे आग लागली आणि ११९ माणसं गेली. जाहिरातीत तसं खोटं काही नव्हतं. इमारतीचा सांगाडा आगीनंतरही उभा राहिला. पण वर-खाली जायला एकच जिना होता, तोही उघडा, आणि धूर-ज्वाळा त्याच जिन्याने वर चढल्या. पाणी फवारणारी यंत्रणा नव्हती, बाहेरून उतरायचा जिनाही नव्हता. हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये दोन टोकांना दोन बंदिस्त जिने आणि त्यांना आपोआप मिटणारी जड दारं दिसतात, ती अशा आगींनंतर कडक झालेल्या नियमांमुळे.

गाडी दारात

आता मोटार. अमेरिकेत १९२० साली सुमारे ८० लाख खासगी मोटारगाड्या होत्या. १९२९ पर्यंत त्या २.३ कोटींवर गेल्या. एवढी माणसं रस्त्यावर आली, पण शहरातलं हॉटेल त्यांना सोयीचं नव्हतं. दिवसभर धूळ खाल्लेल्या कपड्यांनी झुळझुळीत लॉबीतून जायची लाज वाटे, गाडी लावायला जागा नसे, सामान उचलणाऱ्यापासून दार उघडणाऱ्यापर्यंत सगळ्यांना बक्षिसी द्यावी लागे. त्यामुळे लोक सरळ रस्त्याकडेला तंबू ठोकत. शेतकऱ्यांनी कुरकुर सुरू केली तेव्हा गावांनी स्वतःच मोफत तळ उघडले. पाणी, चूल, संडास दिले. प्रवासी थांबला तर बाजारात चार पैसे टाकेल हा हिशोब. मग या तळांवर कामाच्या शोधात भटकणारी गरीब कुटुंबंही येऊ लागली, आणि त्यांना दूर ठेवायला गावांनी शुल्क लावलं. शुल्क सुरू होताच खासगी माणसाला त्यात धंदा दिसला. त्याने तंबूच्या जागी लाकडी खोपटी बांधली.

कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्या मधोमध सॅन लुई ओबिस्पो हे गाव आहे. त्या काळच्या गाड्यांनी आणि रस्त्यांनी हा पल्ला एका दिवसात होत नसे. आर्थर हाइनमन यांनी ते हेरलं आणि डिसेंबर १९२५ मध्ये तिथे ‘माइलस्टोन मो-टेल’ सुरू केलं. उंटाच्या दिवसभराच्या चालीवर सराय बांधणाऱ्याचाच हा विचार, फक्त पल्ला लांबलेला.

मोटेलचा नमुना हळूहळू ठरत गेला. एकमजली, फार तर दोन मजली इमारत, इंग्रजी एल किंवा यू अक्षराच्या आकाराची. मधे मोकळी जागा, तिथे गाड्या. पुढे पोहण्याचा तलाव आला तर तो मुद्दाम रस्त्यावरून दिसेल असा. रस्त्याला लागून कार्यालय आणि त्याच्या मागच्या दोन खोल्यांत मालकाचं कुटुंब. रात्री दोनला कुणी घंटा वाजवली तर मालक किंवा मालकीण डोळे चोळत बाहेर येणार. नाव लिहायचं, पैसे आधी द्यायचे, किल्ली घ्यायची, गाडी खोलीपुढे लावायची. लॉबी, लिफ्ट, जिना, कॉरिडॉर काहीच नाही, म्हणजे तेवढ्या बांधकामाचा, झाडझुडीचा, दिव्यांचा आणि नोकरांचा खर्च नाही. हॉटेलात जी जागा पाहुण्याला मिरवायला लागते ती इथे मुळात बांधलीच नाही. आगीच्या दृष्टीनेही हे बरं : दार उघडलं की माणूस बाहेर.

गोची एकच. ताशी ८० किलोमीटरने जाणाऱ्या माणसाला ही ठेंगणी इमारत दिसणार कशी? त्यामुळे शोभा सगळी पाटीवर गेली. निऑनचे बाण, तारे, ताडाची झाडं, रेड इंडियन तंबूंच्या आकाराच्या खोल्या. जागा शिल्लक आहे की नाही हेही पाटीच सांगे. इमारत साधी आणि पाटी आलिशान, हा अमेरिकी हमरस्त्याचा चेहरा इथून आला. बऱ्याच शहाण्या लोकांनी त्याला नाकं मुरडली आहेत. मला त्यात प्रामाणिकपणा दिसतो. गाडी न थांबवता माणसाला जे समजायला हवं तेवढंच ती इमारत सांगते.

मोटेलला बदनामीही लवकर चिकटली. लॉबी नाही, म्हणजे कोण कुणाबरोबर आलं ते पाहणारं कुणी नाही. एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूवर यांनी १९४० साली एका मासिकात लेख लिहून रस्त्याकडेचे हे तळ म्हणजे गुन्हेगारांचे अड्डे असल्याचं जाहीर केलं. दाराची जी रचना कुटुंबाला सोयीची, तीच लपूनछपून येणाऱ्यालाही.

केमन्स विल्सन या मेम्फिसच्या घरबांधणी व्यावसायिकाने १९५१ साली बायको आणि पाच मुलांना घेऊन वॉशिंग्टनची सहल केली. वाटेतली मोटेलं बेभरवशाची आणि मुलं त्याच खोलीत झोपणार असली तरी दर मुलामागे दोन डॉलर जादा. चिडलेल्या विल्सननी ऑगस्ट १९५२ मध्ये मेम्फिसला पहिलं हॉलिडे इन उघडलं. आईबापांबरोबरच्या मुलांना पैसे नाहीत, सगळ्या खोल्या एका मापाच्या. पुढे शाखा वाढल्या आणि त्यांचं खरं विकाऊ वैशिष्ट्य ठरलं ते म्हणजे कुठल्याही गावी गेलं तरी खोली तशीच असणं. अनोळखी गावात रात्री पोचणाऱ्या माणसाला नवल नको असतं, खात्री हवी असते.

दार सगळ्यांना उघडं नव्हतं

हे सगळं ज्यांना लागू होतं ते गोरे होते. कृष्णवर्णीय कुटुंबाला गाडी घेऊन निघताना पेट्रोल, अन्न आणि झोपायची जागा कुठे मिळेल याची आधी चौकशी करावी लागे. ‘जागा शिल्लक’ची पाटी पेटलेली असली तरी त्यांना नकार मिळे. न्यूयॉर्कच्या हार्लेममधले टपालखात्यातले व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ पासून ‘ग्रीन बुक’ नावाची मार्गदर्शिका काढायला सुरुवात केली. कोणतं हॉटेल, कोणाचं घर, कोणता पेट्रोलपंप कृष्णवर्णीयांना नाही म्हणणार नाही, याची ती गावोगावची यादी. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत ती निघत राहिली.

२ जुलै १९६४ रोजी नागरी हक्क कायदा झाला आणि मुक्कामाच्या जागी वंशभेद करायला बंदी आली. अटलांटातल्या २१६ खोल्यांच्या हार्ट ऑफ अटलांटा मोटेलच्या मालकाने लगेच दावा ठोकला : माझा खासगी धंदा, कुणाला खोली द्यायची ते मी ठरवणार. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९६४ मध्ये एकमताने त्याच्या विरोधात निकाल दिला. युक्तिवाद मोठा मजेशीर आहे. अमेरिकी संविधानाप्रमाणे राज्याराज्यांमधला व्यापार हा केंद्राचा विषय. हे मोटेल दोन आंतरराज्य महामार्गांजवळ होतं, महामार्गांवर त्याच्या पाट्या लागलेल्या होत्या आणि सुमारे ७५ टक्के पाहुणे परराज्यातले होते. त्यांना दार बंद केलं तर राज्याराज्यांतला प्रवासच अडतो, म्हणून केंद्राला कायदा करण्याचा अधिकार आहे. ज्या रस्त्याच्या जिवावर मोटेल उभं होतं, त्याच रस्त्याने त्याला कायद्याच्या कक्षेत आणलं.

मेम्फिसचं लॉरेन मोटेल वॉल्टर आणि लोरी बेली या कृष्णवर्णीय दांपत्याचं होतं, आणि दक्षिणेत फिरणाऱ्या कृष्णवर्णीय कलावंतांचं ते ठरलेलं ठिकाण. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग तिथल्या ३०६ क्रमांकाच्या खोलीबाहेर, मोटेलच्या उघड्या सज्जात उभे असताना त्यांची हत्या झाली. १९९१ पासून तिथे राष्ट्रीय नागरी हक्क संग्रहालय आहे.

रस्ता सरकला की काय होतं

१९५६ साली अमेरिकेने सुमारे ४१,००० मैलांच्या आंतरराज्य महामार्गांचं जाळं मंजूर केलं. या महामार्गांवर कुठूनही चढता-उतरता येत नाही. ठरावीक ठिकाणीच फाटे असतात. आणि महामार्गाच्या हद्दीत दुकान, मोटेल, खानावळ चालवायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. हेतू चांगला होता : वेग आणि सुरक्षितता. पण परिणाम असा की जुना हमरस्ता गावाच्या मधून जात असे आणि त्याच्या दुतर्फा शेकडो छोट्या मालकांची मोटेलं होती, तो सगळा पट्टा रातोरात आडबाजूला पडला. सगळा धंदा फाट्यांपाशी गोळा झाला. फाट्याजवळची जमीन महाग, ती घ्यायची ऐपत साखळी कंपन्यांची. शिकागोपासून लॉस एंजेलिसजवळच्या किनाऱ्यापर्यंत जाणारा १९२६ चा रूट ६६ तर १९८५ साली अधिकृत यादीतूनच काढून टाकला गेला.

स्वस्तात निघालेली ही जुनी मोटेलं कुणी घेतली? मोठ्या संख्येने गुजराती स्थलांतरितांनी. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेची दारं आशियाई लोकांना उघडली, १९७२ मध्ये युगांडातून हाकलले गेलेले लोकही काही आले, आणि १९७३ च्या तेलसंकटाने रस्त्यावरची गर्दी घटून मोटेलांचे भाव पडले. कार्यालयामागच्या त्या दोन खोल्या इथे कामाला आल्या : घरही तेच, दुकानही तेच, नोकर म्हणजे कुटुंबच. विमा नाकारणं, बँकेने कर्ज न देणं, शेजारच्या मोटेलने ‘मालक अमेरिकी’ अशी पाटी लावणं हे सगळं त्यांनी सोसलं. १९८९ साली स्थापन झालेल्या त्यांच्या संघटनेच्या म्हणण्यानुसार आज अमेरिकेतली सुमारे ६० टक्के हॉटेलं तिच्या सदस्यांची आहेत.

शहरांच्या आतही गाडीने आपला हिस्सा मागितला. पुष्कळ शहरांच्या बांधकाम नियमांत दर खोलीमागे गाडीची एक जागा ठेवणं सक्तीचं झालं. एक गाडी उभी करायला आणि तिला आत-बाहेर काढायला मिळून साधारण ३०० चौरस फूट लागतात, म्हणजे जवळपास मोटेलच्या एका खोलीएवढी जागा. नियम पाळायचा तर माणसांच्या झोपण्याइतकीच जमीन गाड्यांना द्यायची. चालत फिरायच्या शहरात हे बसवलं की दुकानांच्या रांगेत मोठमोठी भोकं पडतात, आणि ती पडली.

मोठ्या हॉटेलांनी वेगळाच मार्ग धरला. जॉन पोर्टमन यांनी १९६७ साली अटलांटात हयात रीजन्सी बांधलं : मधे २२ मजली उंच मोकळं दालन, काचेच्या लिफ्ट, भोवती सज्जे. आत गेलं की माणूस मान वर करून बघतच राहतो. पण शहराचा सगळा देखावा आत नेला की रस्त्याला उरतात कोऱ्या भिंती. डेट्रॉइटमध्ये पोर्टमननीच रचलेलं रेनेसाँ सेंटर १९७७ मध्ये उघडलं. मधे हॉटेलचा ७३ मजली मनोरा आणि रस्त्याच्या बाजूला काँक्रीटचे मोठे बंधारे, त्यांत यंत्रसामग्री. खचत चाललेल्या शहराला सावरायला बांधलेली ही इमारत शहराकडे पाठ करून बसली. दार होतं, ते गाडीतून येणाऱ्याला. पुढे जनरल मोटर्सने ती घेतली आणि ते बंधारे पाडून टाकले. बिचाऱ्या बँफला निदान एका मंडपावर भागलं होतं.

आता भांडण कशावरून

आज नियोजनकारांपुढचा प्रश्न उलटा आहे : हॉटेलं फार झाली किंवा घरंच हॉटेलं झाली. हॉटेलातली खोली आणि राहतं घर यांत भाड्याचा फरक एवढा असतो की मोकळं सोडलं तर शहराच्या मध्यातली घरं पाहुण्यांच्या मुक्कामाकडे वळतात. हॉटेलसाठी वेगळा परवाना, वेगळा विभाग, आगीचे वेगळे नियम असतात. ॲपवरून घर भाड्याने देणारा हे सगळं टाळतो. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून नोंदणी सक्तीची केली. ३० दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर यजमानाने स्वतः त्या घरात राहायचं आणि दोनच पाहुणे ठेवायचे. नव्या हॉटेललाही तिथे २०२१ पासून शहराची खास परवानगी लागते. ॲम्स्टरडॅमने तर २०२४ मध्ये ठरवलं की एक हॉटेल बंद झालं तरच दुसरं उघडायचं. बार्सिलोनाने २०२८ च्या अखेरीपर्यंत पर्यटकांना दिली जाणारी घरं पुन्हा रहिवाशांकडे वळवण्याचा मनसुबा जाहीर केला आहे. हॉटेलवाले अशा नियमांवर खूश असतात, कारण स्पर्धक कमी होतो, हेही लक्षात ठेवलेलं बरं.

दुसऱ्या टोकाला आडबाजूला पडलेली मोटेलं आहेत. अमेरिकेत तिथे आज पुष्कळ ठिकाणी प्रवासी राहतच नाहीत. अनामत रक्कम किंवा चांगला कर्ज-इतिहास नसल्याने ज्यांना भाड्याचं घर मिळत नाही ती कुटुंबं आठवड्याच्या भाड्याने राहतात. कॅलिफोर्नियात सलग ३० दिवस राहिलं की पाहुण्याला भाडेकरूचे हक्क मिळतात. म्हणून काही मालक २८ व्या दिवशी कुटुंबाला बाहेर काढून पुन्हा नव्याने नाव नोंदवायला लावतात. कायद्याने याला बंदी आहे, पण तक्रार करायला राहणाऱ्याकडे दुसरी जागा हवी ना.

२०२० मध्ये कोविडच्या काळात त्याच राज्याने ‘होमकी’ योजना काढली आणि बेघरांच्या घरांसाठी हॉटेलं-मोटेलं विकत घ्यायला स्थानिक सरकारांना पैसे दिले. नवी इमारत बांधण्यापेक्षा हे लवकर होतं, कारण प्रत्येक खोलीला आधीच स्वतःचं दार, स्वतःची बाथरूम आणि पाणी आहे. साथीच्या काळात तर सामाईक कॉरिडॉर नसणं हा मोठाच गुण. नाही ते स्वयंपाकघर. शेगडी चालवायची तर खोलीपर्यंतची जुनी वायरिंग बदलावी लागते. शिवाय ही जागा महामार्गाच्या पट्ट्यात, व्यापारी विभागात. बसथांबा लांब, किराणा लांब, शाळा लांब. तिथे राहायला येणाऱ्यांपैकी अनेकांकडे गाडी नसते आणि अंगण सगळं गाड्यांसाठी आखलेलं असतं.